जाड, कोनदार देवनागरी शीर्षकाक्षर कसे घडवावे आणि कुठे वापरावे

काही वर्षांपूर्वी एका कबड्डी मंडळाला मी स्पर्धेचा फलक करून दिला होता. अक्षरे माझीच होती: जाड, कोपरे तासलेली, एकही गोलाई नसलेली. संगणकाच्या पडद्यावर ती मला फार आवडली होती. वीस फुटी फ्लेक्स चौकात लागल्यावर मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून तो वाचला आणि मला ‘भव्य कबड्डी स्पर्धा’ऐवजी ‘मव्य कबड्डी स्पर्धा’ असे दिसले. शुद्धलेखनाची चूक नव्हती. ‘भ’च्या डोक्यावर शिरोरेषेत जी फट असते ती मी इतकी अरुंद ठेवली होती की लांबून ती बुजून गेली, आणि फट गेल्यावर ‘भ’चा ‘म’ व्हायला फारसे काही उरत नाही.

कोनदार देवनागरी अक्षर घडवताना जी अडचण येते ती सगळी या एका उदाहरणात आहे. रोमन लिपीतील बरीचशी मोठी अक्षरे सरळ रेषांची असल्यामुळे त्यांचे कोपरे तासले तरी ती ओळखू येतात. देवनागरीत मात्र अक्षराची ओळख गाठीत, वळणात आणि फटीत असते, आणि कोनदार शैली नेमके तेच सपाट करायला निघालेली असते. त्यामुळे पहिली रेघ ओढण्याआधी कोणते वळण केवळ सौंदर्यासाठी आहे आणि कोणते वळण अक्षराला त्याचे नाव देते, हे ठरवावे लागते. पहिल्या प्रकारच्या वळणाचा खुशाल कोन करावा. दुसऱ्या प्रकारच्या वळणाचाही कोन करता येतो, पण त्याला आजूबाजूची जागा मोकळी ठेवावी लागते आणि त्यासाठी गरज पडल्यास जाडीचा हट्ट सोडावा लागतो.

आधी बोरू, मग पट्टी

कोनदार अक्षर म्हणजे पट्टी आणि चौकटीचा कागद घेऊन काढलेले अक्षर, असा समज असतो आणि त्यातून बहुतेक निर्जीव टंक (फॉन्ट) जन्माला येतात. माझा आग्रह असा आहे की आधी किमान आठवडाभर बोरूने किंवा तिरक्या कापाच्या कटनिबने लिहावे. रुंद बोरूने ‘व’ लिहून पाहा. वाटीचा वरचा डावा खांदा जाड येतो आणि खालची डावी बाजू बारीक येते. देवनागरीच्या बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट असतो, म्हणून उजवीकडून वरून डावीकडे खाली येणारी तिरपी रेघ जाड उमटते आणि डावीकडून वरून उजवीकडे खाली जाणारी रेघ बारीक उमटते. मराठी वाचकाच्या डोळ्याला शेकडो वर्षांची ही सवय आहे. कोनदार अक्षरात चारही कोपरे सारखेच तासले की ते अक्षर परके वाटू लागते, आणि का वाटते ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही. त्याऐवजी वरचा डावा आणि खालचा उजवा कोपरा किंचित कमी तासून तिथे वजन राहू द्यावे, आणि वरचा उजवा व खालचा डावा कोपरा थोडा जास्त तासावा. एवढ्याने पट्टीने काढलेले अक्षरही हाताने लिहिल्यासारखे उभे राहते.

अनुस्वाराचेही असेच आहे. बोरू कागदावर टेकवून उचलला की गोल ठिपका उमटत नाही, तिरपा चौकोन उमटतो. कोनदार टंकात गोल अनुस्वार ठेवणे म्हणजे दगडी भिंतीत लाकडी खुंटी ठोकण्यासारखे आहे. बोरूने दिलेला तो चौकोन जसाच्या तसा घ्यावा.

हत्यारातून कोन कसा जन्मतो याचे माझ्या आवडीचे उदाहरण जर्मनीतले आहे. रुडॉल्फ कॉख या अक्षरकाराने १९२३मध्ये क्लिंगस्पोर या ओतशाळेसाठी नॉयलांड हा जाड, कोनदार टंक केला, तेव्हा कागदावर आधी आराखडे न काढता त्याने पोलादाचे पंच, म्हणजे अक्षरांचे मूळ ठसे, स्वतःच्या हाताने थेट कोरले. त्यामुळे वेगवेगळ्या आकारांत तीच अक्षरे थोडी थोडी वेगळी आहेत आणि त्या वेगळेपणातच त्यांचा जिवंतपणा आहे. आपण पोलाद कोरत नाही, पण जाड कागद कात्रीने कापून अक्षर करता येते. मी ‘क’, ‘ग’, ‘ह’ आणि ‘ळ’ ही चार अक्षरे नेहमी आधी काळ्या कागदातून कापतो. कात्रीला गोलाईचा कंटाळा असतो. ती जिथे सहज वळते तिथेच कोन घालावा असे ती सांगते, आणि बहुतेक वेळा तिचे बरोबर असते.

जाडीचा हिशेब

आता मापे घेऊ. टंक घडवण्यासाठी फॉन्टफोर्जसारखी मोफत प्रणाली वापरा किंवा ग्लिफ्ससारखी विकत घेतलेली वापरा, एम चौकोन, म्हणजे अक्षर ज्यात काढतात ती चौकट, १००० एककांचा धरला की आकडे समजायला सोपे जातात. पायरेषा, म्हणजे अक्षरे जिच्यावर उभी राहतात ती रेषा, शून्यावर आणि शिरोरेषेची वरची कडा ६४०वर ठेवली, तर वेलांटी, मात्रा, रफार यांना वर आणि उकारांना खाली पुरेशी जागा उरते. उभा दंड १५० एकक ठेवला तर आडव्या रेघा तेवढ्याच जाड ठेवू नयेत, कारण समान जाडीची आडवी रेघ डोळ्याला उभ्या रेघेपेक्षा जाड भासते. मी शिरोरेषा ११० आणि आतल्या आडव्या रेघा १०० ठेवतो.

हे आकडे हवेतून घेतलेले नाहीत. ‘इ’ने ते ठरवले आहेत. ‘इ’मध्ये शिरोरेषेखाली एकाखाली एक अशा तीन आडव्या रेघा येतात आणि शेपटी पायरेषेखाली जाते. ६४०मधून शिरोरेषेचे ११० वजा केले की ५३० उरतात. त्यातून तीन रेघांचे ३०० गेले की २३० उरतात आणि ते तीन मोकळ्या जागांत वाटले की प्रत्येकीला साधारण ७७ एकक मिळतात. म्हणजे आतली मोकळी जागा अक्षराच्या उंचीच्या सुमारे १२ टक्के झाली. अक्षर दोन सेंटिमीटर उंच छापले तर ती सुमारे २.४ मिलिमीटर येईल, आणि अर्धा सेंटिमीटर उंच छापले तर ०.६ मिलिमीटर येईल, जी टी-शर्टच्या कापडावर शाई पसरताच बुजेल. टंक किती जाड करायचा हे ठरवताना ‘क’ किंवा ‘म’ पाहू नये. जे अक्षर सर्वांत जास्त दाटीचे आहे त्याला विचारावे, आणि ते बहुतेक ‘इ’, ‘ह’, ‘क्ष’ किंवा ‘द्ध’ असते.

कोपरा तासण्यातही थोडे गणित आहे आणि ते कळले की बरीच खोडाखोड वाचते. १५० एकक जाडीच्या दोन रेघा काटकोनात मिळतात असे समजा. बाहेरचा कोपरा ४५ अंशांत तासला आणि आतला कोपरा तसाच टोकदार ठेवला, तर तिथली तिरपी जाडी किती तासले यावर अवलंबून असते. दोन्ही बाजूंनी ८८ एकक तासले, म्हणजे जाडीच्या सुमारे ०.५९ पट, तर तिरपी जाडीही बरोबर १५० राहते. पूर्ण १५० एकक तासले तर ती १०६वर येते आणि अक्षर कोपऱ्यात लचकल्यासारखे दिसते. तेवढा मोठा काप हवाच असेल तर आतला कोपराही ६२ एककांनी भरून घ्यावा, म्हणजे जाडी पुन्हा १५० होते. दोन रेघांची जाडी वेगळी असेल तर त्यांची सरासरी धरावी. मी वर बोरूच्या वजनाबद्दल जे लिहिले ते याच आकड्यांनी साधायचे असते: वजनदार कोपऱ्यात काप ८८पेक्षा कमी ठेवायचा आणि हलक्या कोपऱ्यात थोडा जास्त.

सगळ्या अक्षरांत एकच कोन वापरावा का? माझ्या मते दोन असावेत, तिसरा नको. मुख्य काप ४५ अंशांचा ठेवावा आणि ‘र’, ‘स’, ‘ख’ यांच्या लांब तिरप्या पायांसाठी थोडा उभट कोन ठेवावा, कारण ते पाय ४५ अंशांत टाकले की अक्षर पसरट होते.

जिथे ओळख अडते

‘भ-म’, ‘ध-घ’ आणि ‘थ-य’ या तीन जोड्या प्रत्येक कोनदार टंकाची परीक्षा घेतात. भव्य, भगवा, धन्यवाद, धर्म, पथक, रथ हे शब्द ज्या फलकांवर हमखास येतात, तेच फलक कोनदार अक्षरांची मागणी करतात, त्यामुळे ही अडचण कागदावरची नाही. माझा उपाय असा आहे की या तीन अक्षरांत डावीकडच्या हुकासारख्या वळणाचे टोक आणि शिरोरेषेची सुरुवात यांत किमान १०० एककांची फट ठेवावी, आणि त्या वळणाचे डोके शिरोरेषेच्या वरच्या कडेपर्यंत न नेता तिच्याहून ४० एकक खाली थांबवावे. मग फट लांबून बुजली तरी डोक्याची उतरती पायरी दिसत राहते. अक्षर थोडे रुंद होते, पण होऊ द्यावे. सगळी अक्षरे एकाच रुंदीत बसवण्याचा मोह या शैलीत फार होतो, आणि देवनागरीला तो मानवत नाही.

‘ब’ आणि ‘व’ यांतला फरक एका तिरप्या रेघेचा आहे. वाटीतली जागा आधीच कमी असल्याने ‘ब’मधली ती रेघ पूर्ण जाडीची ठेवता येत नाही, म्हणून ती ७० एककांपर्यंत बारीक करावी आणि ‘ब’ची वाटी ‘व’पेक्षा थोडी मोठी घ्यावी. ‘प’ आणि ‘ष’ यांनाही हेच लागू आहे. ‘ख’चा पाय पुढच्या वाटीला नीट जोडला नाही तर तो ‘रव’ वाचला जातो. अंकांत ‘१’ आणि ‘९’ यांची डोकी कोनदार झाली की गोंधळ होतो, आणि फ्लेक्सवर संपर्काचा क्रमांक असतो, म्हणून ‘९’चे पोट उघडे आणि ‘१’ची गाठ बंद ठेवण्याकडे लक्ष द्यावे.

मराठीसाठी टंक करताना ‘ल’ आणि ‘श’ हे हिंदी वळणाचे देऊन चालत नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वर्णमाला प्रमाणित केली, तेव्हा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही आपली वळणे त्यात धरली आहेत. पाकळीचा ‘ल’ कोनदार करणे सोपे नाही, कारण दोन पाकळ्यांचे दोन षट्कोन झाले की तो ‘ळ’च्या जवळ जातो. मी ‘ल’च्या पाकळ्या खालून उघड्या आणि टोकदार ठेवतो आणि ‘ळ’ची दोन्ही वेटोळी पूर्ण बंद ठेवतो. टंक हिंदीसाठीही वापरला जाणार असेल तर दोन्ही वळणे आत ठेवून, मजकुराची भाषा मराठी असेल तेव्हा मराठी वळण आपोआप यावे अशी सोय ओपनटाइप या टंकांच्या स्वरूपात करता येते. मात्र ती सोय मजकुराला भाषेची खूण लावलेली असेल तरच चालते आणि आपल्याकडे अशी खूण कुणी लावत नाही. म्हणून मराठी वळण मूळ ठेवावे आणि हिंदी वळण पर्यायी ठेवावे.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला अर्थाचा फरक ज्या एका चिन्हावर उभा आहे, तो अर्धा ‘ऱ’ शीर्षकाच्या कितीतरी टंकांत नसतोच. सह्याद्री, किल्ले आणि समुद्र यांवरचा मजकूर मोठ्या अक्षरांत लिहायचा आणि त्यात ‘दऱ्याखोऱ्या’ किंवा ‘किनाऱ्यावर’ नीट उमटू नये, हे मला सहन होत नाही. कोनदार शैलीत हे चिन्ह एका तिरप्या पट्टीसारखे सुंदर बसते. ‘ॲ’, ‘ऑ’ आणि चंद्र यांचीही आठवण ठेवावी. चंद्राची गोलाई मोडून उथळ दोन-तीन बाजूंची वाटी करावी, पण तिचे तोंड वर उघडे राहिलेच पाहिजे.

जोडाक्षरांची यादी मोठी आहे. मी सुरुवात ‘महाराष्ट्र’ या शब्दाने करतो, कारण या टंकातून तो पहिल्या आठवड्यातच कुणीतरी लिहिणार आहे. ‘ष्ट्र’मध्ये अर्धा ‘ष’, ‘ट’ आणि त्याच्या पायाखालची ‘र’ची टोपी असे तीन मजले होतात. ती टोपी मुळातच कोनदार आहे, तेव्हा इथे शैलीला आयती संधी मिळते. फक्त तिची जाडी ९० एककांपेक्षा जास्त करू नये, नाहीतर ‘ट’चे पोट आणि टोपी एक होऊन जातात. त्यानंतर ‘शुद्ध’, ‘विद्यार्थी’, ‘ब्रह्म’, ‘द्वार’, ‘ज्ञानेश्वरी’, ‘स्त्री’ आणि ‘क्षत्रिय’ हे शब्द तपासावेत. शिरोरेषेच्या वरच्या गर्दीसाठी ‘गणेशमूर्तींचे’ यासारखा शब्द मला सापडलेला नाही. त्यात दुसरी वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच जागी भांडतात. प्रत्येकाचा स्वतंत्र तुकडा एकमेकांवर बसवण्यापेक्षा तिघांचे मिळून एकच चिन्ह काढावे आणि ते जागेवर बदलून यावे, हे चांगले. पहिल्या वेलांटीच्याही किमान तीन रुंद्या कराव्यात, म्हणजे ‘रि’ आणि ‘क्षि’ दोघांच्या दंडावर ती नेमकी पोहोचेल.

शिरोरेषेचे एक छोटे काम राहिले. दोन अक्षरांच्या शिरोरेषा केवळ एकमेकींना टेकवू नयेत. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा दोन्ही बाजूंना पाच-दहा एकक बाहेर काढावी, म्हणजे ती शेजारच्या अक्षरात शिरेल आणि पडद्यावर मध्ये केसासारखी पांढरी रेघ दिसणार नाही. ‘भ’, ‘ध’, ‘थ’ यांच्या डाव्या बाजूला मात्र हे करू नये, तिथे मागच्या अक्षराची शिरोरेषा जिथे संपते तिथेच संपावी, नाहीतर एवढ्या कष्टाने राखलेली फट शेजारचे अक्षरच बुजवून टाकते.

वापरताना

अशी अक्षरे कमी शब्दांसाठी असतात. ढोल-ताशा पथकाचे नाव, कबड्डीच्या जर्सीवरचे आडनाव, नाटकाचे शीर्षक, गडमोहिमेचा फलक, दुकानाची पाटी, पुस्तकाचे मुखपृष्ठ, इथे ती शोभतात. मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी अक्षरकार कमल शेडगे यांनी काढलेली शीर्षके ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे की दोन-तीन शब्दांच्या वळणातून नाटकाचा स्वभाव सांगता येतो. कोनदार अक्षराचा स्वभाव ठाम आणि आवेशाचा आहे. बारशाचे निमंत्रण, शोकसंदेश किंवा औषधाची सूचना त्यात लिहू नये. वाहनाच्या नंबरप्लेटवरही ती वापरू नयेत, कारण नोंदणी क्रमांक इंग्रजी अक्षरांत आणि आंतरराष्ट्रीय अंकांतच असावा असा नियम आहे.

फलकावरचा बाकीचा मजकूर, म्हणजे तारीख, स्थळ, निमंत्रक, हा साध्या आणि मोकळ्या टंकात असावा. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हा टंक यासाठी मी वर्षानुवर्षे वापरतो. स्वतःचा टंक घडवण्याआधी तयार टंक वापरून पाहायचे असतील तर टेको आणि राजधानी हे चौकोनी बांध्याचे, आणि मुंबईच्या लोकल रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून स्फुरलेला यात्रा वन, हे तिन्ही मोफत मिळतात आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

वापरणाऱ्याच्या हातून जे बिघडते त्यात पहिला क्रमांक अक्षरांतले अंतर वाढवण्याचा आहे. रोमन मोठ्या अक्षरांत मोकळे अंतर छान दिसते, पण देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ओळ रुंद करायची असेल तर आकार वाढवावा किंवा टंकातच रुंद प्रकार करावा. दुसरा प्रकार डीटीपीच्या दुकानात रोज घडतो: नाव जागेत बसत नाही म्हणून ते दोन्ही बाजूंनी दाबले जाते. अक्षर ७० टक्क्यांवर दाबले की १५०चा दंड १०५चा होतो, आडवी १००ची रेघ १००च राहते, आणि ४५ अंशांचे सगळे काप ५५ अंशांवर जातात. ज्या नियमावर अक्षर उभे होते तो नियमच मोडतो. संगणकाकडून कृत्रिम ठळकपणा घेणे हेही तसेच आहे, त्याने आतल्या मोकळ्या जागा सर्वांत आधी खाल्ल्या जातात.

अक्षराभोवती पांढरी किंवा पिवळी किनार हवी असते. ती थेट मजकुराला लावली तर शिरोरेषा जिथे एकमेकींत शिरलेल्या असतात तिथे प्रत्येक सांधा उघडा पडतो. त्यासाठी कोरलड्रॉ या प्रणालीत आधी मजकुराचे कर्व्ह (म्हणजे नुसते आकार) करून सगळी अक्षरे वेल्ड करावीत, म्हणजे एकसंध जोडावीत, आणि मग किनार द्यावी. दोन ओळी असतील तर वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतल्या वेलांट्या एकमेकांत अडकतात, तेव्हा ओळींमधले अंतर प्रत्यक्ष शब्द पाहून ठरवावे. शब्दांची फोड बदलून ‘मूर्ती’ खालच्या ओळीऐवजी वरच्या ओळीत घेतली तर कधी कधी अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. व्हिनाइल कापून गाडीवर चिकटवायचे असेल तर आतले अतिटोकदार कोपरे किंचित बोथट करावेत, कारण व्हिनाइल तिथूनच उचलले जाते.

आणि छपाईला देण्याआधी एक कागदी नमुना काढून तो भिंतीवर लावावा, फलक जितक्या अंतरावरून वाचला जाईल त्याच प्रमाणात मागे जावे आणि ज्याने मजकूर लिहिलेला नाही अशा माणसाला तो वाचायला लावावा. आपल्याला ‘भव्य’च दिसते, कारण आपल्याला ते आधीच माहीत असते. फाइल देताना मजकुराचे कर्व्ह करून द्यावे, कारण दुकानात आपला टंक नसतो आणि तिथल्या जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात तो मजकूर उघडला तर जोडाक्षरे फुटतात. कर्व्ह केलेल्या प्रतीसोबत मूळ मजकुराची प्रतही जपून ठेवावी. पुढच्या वर्षी मंडळाला फक्त तारीख बदलून हवी असते.